खालचा आकडा

आमच्या घरात ब्लडप्रेशरला एकच आकडा होता. आमच्याच कशाला, नाशिकजवळ मखमलाबादच्या पुढे मळ्यांत जी घरं आहेत त्या सगळ्यांत तसंच. दवाखान्यातून कुणी आलं की ओट्यावरची माणसं विचारतात, "किती निघालं?" येणारा सांगतो, "दीडशे." झालं. दीडशेच्या जोडीला आणखी एक आकडा असतो, तो सांगणारा सांगत नाही आणि विचारणाऱ्यालाही नको असतो. मी बारावी सायन्सची. हृदयाची आकृती काढून, तिच्यात तांबडा-निळा रंग भरून मी चांगले मार्क मिळवले होते. पण आकृतीतलं हृदय वेगळं आणि आपल्या घरात धडधडणारं वेगळं, हे आम्हाला भिमाबाईंच्या दुखण्यात कळलं, आणि कळून काही उपयोग झाला नाही.

भिमाबाई माझ्या थोरल्या जाऊबाई. मी त्यांना नुसतं बाई म्हणायची. बाईंना बसलेलं पाहायचं असेल तर त्यांच्या लग्नाचा फोटो पाहावा, असं मी नेहमी म्हणायची, आणि त्या मला म्हणायच्या, "त्याच्यात पण पाय दुखत व्हते म्हणून बसले." आमचा फुलांचा मळा. झेंडू, शेवंती, थोडी बिजली. उजाडायच्या आत तोडणी, मग पंचवटीत फुलबाजारात माल, परत येऊन स्वयंपाक, दुपारी खुरपणी, संध्याकाळी ओट्यावर हार. बाईंच्या हातात दोरा असा पळायचा की बघणाऱ्याला वाटावं फुलं आपणच जाऊन चिकटताहेत. आमचं जमायचं असं मात्र नाही. एकदा मिक्सर आणण्यावरून आमचं असं वाजलं की शेवंतीचा अख्खा हंगाम आम्ही एकमेकींशी बोललो नव्हतो. भाकरी मात्र त्या माझी आठवणीने झाकून ठेवायच्या, तीही रागाने ताट आपटून.

त्यांची मान हलायची. अगदी हलकी, वरखाली, सारखी. कधीपासून हलायला लागली हे कुणी सांगू शकणार नाही, कारण बाईंकडे कुणी इतकं टक लावून बघतच नव्हतं. फुलबाजारातले व्यापारी मात्र बघायचे. भाव सांगायचा, बाईंची मान हलली की म्हणायचं, "भिमाबाईने हो म्हणलं, तोला." बाई कटकट करायच्या, पण फुलांची जाळी तराजूवर गेलेली असायची. घरातही तेच. "भिमे, उद्या मोठ्या वाफ्यातलं तोडायचं ना?" दादा विचारायचे. दादा म्हणजे त्यांचे मालक, माझे थोरले दीर, चिमाजी. मान हललेली असायचीच.

दुखणं कळलं त्याच्या आदल्या वर्षी समाजमंदिरात तपासणीचं शिबिर झालं. तिथल्या माणसाने बाईंच्या दंडाला पट्टा बांधला, दोनदा हवा भरली आणि म्हणाला, "मावशी, एकशे ऐंशी आहे. पन्नास खालचं. वरचं फार जास्त आहे, डॉक्टरांना दाखवून घ्या." बाईंनी घरी येऊन सांगितलं, "एकशे ऐंशी." दादा म्हणाले, "मग त्याला काय डॉक्टर? घरात गोळी हाय ना." दादांना स्वतःला प्रेशर होतं. त्यांना चौकातल्या डॉक्टरांनी त्याआधी दोन वर्षं एक गोळी लावून दिली होती आणि ती त्यांना मानवली होती. आमच्याकडे साबण एक, खोबरेल एक, झंडू बामची डबी एक. गोळीचं पाकीट वेगळं कशाला हवं, हा प्रश्न कुणाला पडलाच नाही. दादांनी पाकीट मोठं आणायला सुरुवात केली, एवढंच.

धनराज, त्यांचा मुलगा, अंबडला कंपनीत आहे. त्याने द्वारका चौकातल्या दुकानातून प्रेशरचं मशीन आणलं. बटण दाबलं की आपोआप फुगणारं. मग काय विचारता, संध्याकाळी आमचा ओटा म्हणजे दवाखानाच. शेजारची लंकाबाई रोज हात पुढे करायची आणि मशीन फुगलं की "फुटंल का गं?" म्हणून डोळे मिटायची. बाईंचं वरचं एकशे साठावर आलं, मग दीडशेवर. दादांची छाती फुगली. "बघ, कसं उतरतंय. खालचं तर पयल्यापासूनच झकास हाय, बेचाळीस," ते म्हणायचे. खालचं जितकं कमी तितकी तब्येत थंड, असा त्यांचा हिशेब. त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती. त्यांना बायकोची काळजी होती, मी त्यांना दोष देत नाही. पण कधी कधी वाटतं, निष्काळजी नवरा असता तर बाईंनी ती गोळी घेतली नसती.

कारण बाई उतरत चालल्या होत्या. पायऱ्या चढताना थांबायच्या. झोपताना उशाखाली आधी एक गोधडी, मग दोन घ्यायला लागल्या. सपाट निजलं की जीव घाबरतो म्हणायच्या. "वय झालं," त्या म्हणायच्या. पन्नाशीसुद्धा नीट उलटली नव्हती. आषाढात एक दिवस झेंडूच्या सरीत त्या खुरप्यासकट आडव्या झाल्या. चिखलाने माखलेलं तोंड मी पदराने पुसलं, तेव्हा त्यांच्या गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या शिरा अशा उडत होत्या की मला भीती वाटली. त्या दिवशी मी कुणाला विचारलं नाही. रिक्षा बोलावली आणि त्यांना नाशिकमधल्या मोठ्या रुग्णालयात नेलं. दादा मागून मोटरसायकलवर आले, हातात मशीन घेऊन.

तिथल्या डॉक्टर मॅडम तरुण होत्या. त्यांनी आधी काहीच तपासलं नाही. खुर्चीवर बसलेल्या बाईंकडे नुसत्या बघत राहिल्या. मग विचारलं, "यांची मान कधीपासून अशी हलते?"

दादा म्हणाले, "ती हो म्हणती. सवय हाय तिला."

"त्या हो म्हणत नाहीत, काका," मॅडम म्हणाल्या. "त्यांच्या हृदयाचा ठोका इतक्या जोरात पडतोय की त्याच्या धक्क्याने मान हलतेय."

मला तेव्हा काय वाटलं ते सांगते. मला लाज वाटली नाही, रडूही आलं नाही. मला फुलबाजारातल्या त्या सगळ्या तराजूंचा संताप आला. दादा मात्र बाईंच्या मानेकडे असे बघत होते, जणू आज पहिल्यांदाच दिसली.

नंतर तपासण्या झाल्या, टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी झाली, आणि मॅडमनी आम्हाला समोर बसवून सगळं समजावलं. त्यांच्यासारखं समजावणारं मला शाळेत कुणी भेटलं असतं तर मी नर्स तरी झाले असते. त्यांनी बाईंना मूठ आवळायला सांगितली. "मावशी, हे तुमचं हृदय समजा. ते असं आवळतं आणि रक्त बाहेर ढकलतं. ढकलताना नळ्यांवर जो दाब येतो तो वरचा आकडा. आम्ही त्याला सिस्टोलिक म्हणतो. आता मूठ सोडा. हृदय सैल पडतं, विसावा घेतं, पुढच्या ठोक्यासाठी भरून घेतं. त्या विसाव्यात नळ्यांमध्ये जो दाब टिकून राहतो तो खालचा आकडा, डायस्टोलिक."

बाई मूठ आवळत होत्या, सोडत होत्या. त्यांच्या बोटांच्या टोकांना झेंडूचा हिरवा काळपट डाग होता, तो कधीच जायचा नाही.

"टिकून राहतो तो कशामुळे?" मॅडम म्हणाल्या. "हृदयाच्या दाराला झडप असते. हृदय सैल पडलं की ती मिटते, म्हणून ढकललेलं रक्त मागे येत नाही. तुमची झडप मिटत नाही. ढकललेलं निम्मं परत आत येतं. म्हणून खालचा आकडा इतका घसरलाय. आणि परत आलेलं अधिक नवीन आलेलं असं सगळं पुन्हा ढकलावं लागतं, म्हणून वरचा इतका चढलाय."

दादांनी विचारलं, "म्हणजे खालचं कमी ते चांगलं नव्हं?"

"या बाबतीत नाही. दुखणं खालच्या आकड्यातच होतं."

मग गोळीचा विषय निघाला. दादांनी खिशातून पाकीट काढून दिलं. मॅडमनी ते वाचलं आणि परत दादांच्या हातात दिलं. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. "ही गोळी तुम्हाला बरोबर आहे, काका," त्या म्हणाल्या. "ही ठोके मंद करते. पण ठोके मंद झाले म्हणजे दोन ठोक्यांमधला विसावा लांबतो. यांची गळती नेमकी विसाव्यातच होते. जितका विसावा लांब, तितकं रक्त जास्त मागे."

वर्षभर रोज सकाळी चहाबरोबर बाईंच्या तळहातावर ती गोळी दादांनी स्वतः ठेवली होती.

मॅडमनी आणखी एक विचारलं. लहानपणी सांधे सुजून ताप यायचा का? बाईंचं माहेर इगतपुरीकडचं. त्या म्हणाल्या, "यायचा. भातलावणीच्या टायमाला. आई एरंडाचा पाला बांधायची, मग उतरायचा." मॅडमनी मान डोलावली. तो ताप सांध्यांतून उतरला होता, पण झडपेवर बसून राहिला होता, असं त्यांनी सांगितलं. उपाय एकच, झडप बदलायची. सरकारी योजनेत बसत होतं, पैशांची अडचण नव्हती. "फक्त वेळ दवडू नका," त्या म्हणाल्या. "हृदय मोठं झालंय, पण अजून त्यात जोर आहे. जोर आहे तोवर करून घेऊ. एकदा ते थकलं की झडप बदलूनही उपयोग होत नाही."

परत येताना बाई रिक्षात म्हणाल्या, "शुभांगी, आयुष्यभर सगळे म्हणले बस जरा, बस जरा. आन् माझं तर बसण्यातच वाया चाललं व्हतं." त्या हसल्या. मला हसू आलं नाही.

बाईंची ती गोळी बंद झाली, दुसऱ्या लागल्या. कागदपत्रांच्या मागे धनराज पळाला. ऑपरेशनची तारीख मिळाली ती नेमकी नवरात्रातली, दसऱ्याच्या तोंडावर.

फुलं पिकवणाऱ्याच्या घरात दसरा म्हणजे काय हे बाहेरच्याला सांगून कळणार नाही. वर्षभराचा झेंडू त्या दोन दिवसांसाठी लावलेला असतो. त्या दिवसांत आमच्याकडे लग्न काढत नाहीत, बारसं करत नाहीत, माणूस आजारी पडला तरी पडून राहतो आणि बाकीचे तोडत राहतात. मजूर मिळत नाहीत, कारण सगळ्यांचाच झेंडू एकाच वेळी फुललेला. आणि आमच्या घरात बाईंइतका हात कुणाचा चालत नव्हता. दादांनी ओट्यावर विषय काढला. "दसरा झाला की दुसऱ्या दिवशी नेतो. आठ-पंधरा दिसांनी काय व्हतंय?"

बाई म्हणाल्या, "म्याडम म्हणल्या व्हत्या, जोर हाय तोवर या."

इतकंच. बाईंनी स्वतःसाठी तोंड उघडून काही मागितलेलं मी त्या घरात पहिल्यांदाच ऐकलं. दादा रागावले नाहीत. त्यांनी मशीन आणलं, बाईंच्या दंडाला पट्टा बांधला. वरचं पुन्हा एकशे सत्तरच्या पुढे निघालं. "हे बघ," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात मनापासून दिलासा होता. "वरचं म्हणजे ढकलायचा जोर, आसंच सांगितलं ना त्यांनी? मग जोर तर टम्म हाय. एवढा जोर आठ दिसात कुठं पळून जातो?"

अर्धवट समजलेलं किती वाईट असतं ते मी त्या दिवशी पाहिलं. काहीच समजलं नसतं तर ते घाबरून तरी गेले असते. मी भांडले. चांगली तोंड टाकून भांडले, दिराशी असं बोलायचं नसतं तशी बोलले. आमचे हे मला आत चल म्हणाले, मी गेले नाही. धनराज मोबाईलमध्ये बघत उभा होता. त्याला आई हवी होती आणि बापाला उलटून बोलायचं नव्हतं. शेवटी मला गप्प केलं ते बाईंनीच. "ऱ्हाऊ दे शुभांगी," त्या म्हणाल्या. "फूल काय थांबत नाय. तोडल्याबिगर माझा पण जीव लागायचा नाय तिथं." त्यांना जायचं होतं. आणि मळा सोडवतही नव्हता. दोन्ही खरं होतं, आणि मी त्यातलं एकच ओढून धरलं म्हणून माझं कुणी ऐकलं नाही.

त्या दसऱ्याला आदल्या दिवशी पाऊस झाला. झेंडू भिजला, पाकळ्या काळवंडल्या, बाजारात ढीगच्या ढीग रस्त्यावर ओतून लोक निघून गेले. जे हातचं गेलं ते दिवाळीत भरून काढू, असं झालं. पुढची तारीखही गेली. यावेळी मी भांडले नाही. बाई दिवसभर मळ्यातल्या पिंपळाखाली बसून हार करायच्या, आता चालवत नव्हतं म्हणून. पाय सुजले होते, पैंजण काढून ठेवलं होतं.

भाऊबीज झाल्यावर नेलं. पुन्हा टू-डी इको झाली. मॅडम पडद्याकडे बराच वेळ बघत होत्या, मग मोठ्या सर्जनना बोलावून आणलं. ते दोघं इंग्रजीत बोलले. मला जितकं समजायचं तितकं समजलं. मॅडमनी आम्हाला बाहेर नेऊन सांगितलं, "हृदय फुगून सैल पडलंय. आवळण्याची ताकद फार कमी झालीय. आता टेबलावर घेतलं तर उठतील याची खात्री नाही. सर नको म्हणताहेत." दादांनी विचारलं, "मग गोळ्या?" "गोळ्या देऊ," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांनी दादांच्या हाताला हात लावला. डॉक्टर असं करत नाहीत सहसा.

दादांना ते समजलं नाही, की समजून घ्यायचं नव्हतं, मला आजही सांगता येत नाही. घरी आल्यापासून त्यांनी पथ्य सुरू केलं. मीठ बंद. लोणचं माळ्यावर. पाणी पेल्याने मोजून. सकाळ-संध्याकाळ मशीन. वरचा आकडा खाली आणायचा आणि खालचा वर आणायचा, असा ध्यास त्यांनी घेतला. फुलबाजारात जाणं बंद केलं, मळा आमच्यावर टाकला. ज्या माणसाने दसरा सोडला नाही त्याने आता अख्खी शेवंती सोडली. मला त्यांचा राग यायचा आणि त्यांच्याकडे बघून कीवही यायची.

मार्गशीर्षात थंडी पडली. एका सकाळी मी बाईंना पेज भरवत होते. त्यांना आता बोलायलाही दम लागायचा, दोन शब्द आणि थांबायचं. दादांनी पट्टा बांधला, मशीन फुगलं, सैल पडलं. दादा आकड्यांकडे बघत राहिले. मग त्यांनी मशीन माझ्यासमोर धरलं. एकशे दहा. खाली सत्तर.

"आलं," ते म्हणाले. "शुभांगी, बघ. नॉर्मल आलं. वरचं पण, खालचं पण. आपल्या वस्तीत कुणाचं नाय आसं." ते डोळे पुसत ओट्यावर गेले, लंकाबाईला सांगायला, धनराजला फोन लावायला. महिनोन्‌महिने मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

मी वाटी खाली ठेवली. बाई माझ्याकडे बघत होत्या.

"शुभांगी," त्या म्हणाल्या, आणि थांबल्या. "वरचं उतरलं, म्हणजे... आता ढकलवत नाय त्याला. आसंच ना?"

खालचा आकडा का वर आला तेही मला ठाऊक होतं. रात्रीच मी मोबाईलवर वाचलं होतं. हृदय इतकं तुडुंब भरून राहतं की त्यात परत यायलाही जागा उरत नाही. आकडे चांगले दिसतात. शेवटी शेवटी असे दिसतात.

"त्यांना सांगू नको," बाई म्हणाल्या. "लय गोळी-गोळी करून... कष्टी झालेत."

त्यांनी माझा हात धरला होता. त्या हाताची नाडी पूर्वी नुसती धरली तरी थाडथाड लागायची. आता मला ती शोधावी लागत होती.

दादा दारात आले, फोन कानाला तसाच. धनराजला विश्वास बसत नसावा. "थांब, तुझ्या काकूला विचार, ती शिकलेली हाय," ते फोनमध्ये म्हणाले, आणि मला विचारलं, "शुभांगी, बरोबर हाय ना हे? नॉर्मलच म्हणायचं ना?"

बाईंनी हात सोडला नाही.

"हो दादा," मी म्हटलं. "नॉर्मल आहे."